शालनताईंचा पंचनामा

समारंभाचे अध्यक्ष माननीय वैजनाथराव, व्यासपीठावरची सगळी साहेबमंडळी, आज सांस्कृतिक खात्यातून निवृत्त होणाऱ्या आमच्या शालनताई ओव्हाळ आणि समोर बसलेल्या कलावंत बंधुभगिनींनो,

मी हिरा साळवे, खडकीची. तीस वर्षं जलशात गाते. मला पाच मिनिटं दिली आहेत, आणि पुण्यात पाच मिनिटं म्हणजे पाचच. तेव्हा ताईंच्या कार्यतत्परतेबद्दल आधीचे चार वक्ते बोललेच आहेत, मी घडलेलं सांगते.

कोरोनाचं साल. जयंत्या बंद, जत्रा बंद. सरकारनं कलावंतांना मदत जाहीर केली. अर्ज मात्र ऑनलाइन. माझी मुलगी मैत्री हिंजवडीच्या कंपनीचं काम घरून करायची. तिनं आमच्या पार्टीतल्या सगळ्यांचे अर्ज भरले. अडले एकटे आमचे ढोलकीवाले, लोणी काळभोरचे बजरंगअण्णा. पंधरा वर्षं कला सादर केल्याचा पुरावा हवा होता. आता जत्रेत सर्टिफिकेट कोण देतं हो? नारळ देतात. तो आपण खाऊन टाकतो!

अण्णांनी भाजीची हातगाडी सुरू केली होती. ढोलकीला गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलं होतं. मी घाबरले. मैत्रीनं माझा, अण्णांचा आणि खात्यात अर्ज तपासणाऱ्या ताईंचा फोन एकत्र जोडला.

“पुरावा काय आहे तुमच्याकडे?” ताईंनी विचारलं.

“बाई, हाताला घट्टे हायेत.”

“घट्ट्यांची झेरॉक्स निघत नाही, अण्णा.”

आणि फोन बंद! खोटं कशाला बोलू, मला फार राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्या बाई परवानगीचा कागद घेऊन स्कूटरवरून लोणीत हजर. पुढचं अण्णांनीच मला सांगितलं. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बसून ताई म्हणाल्या, “वाजवा. मी पंचनामा करते.”

सात महिने ढोलकीला हात लागला नव्हता. पहिली थाप चुकली. दुसरीही चुकली. अण्णांनी ढोलकी खाली ठेवली. “ऱ्हाऊ द्या बाई. ग्येलं हातातलं.”

“मला घाई नाही,” ताई म्हणाल्या. “एक दिवसाआड हजेरी आहे. आज माझा दिवस नाही.”

म्हणजे सुट्टीच्या दिवशी आल्या होत्या!

अण्णांनी ढोलकी पुन्हा मांडीवर घेतली. शेजारीपाजारी गच्च्यांवर आले. एकानं मास्कमधून शिट्टी मारायचा प्रयत्न केला, ती काही वाजली नाही. ताईंनी लिहिलं, ‘अर्जदाराने आमच्या समक्ष पाऊण तास ढोलकी वाजवली. थांबण्यास सांगूनही ग्रामस्थांनी थांबू दिले नाही.’ खाली सरपंचांची आणि गुरुजींची सही.

फाइल वरून परत आली. कागदपत्रांच्या यादीत पंचनामा बसत नव्हता. ताई साहेबांपुढे उभ्या राहिल्या. “साहेब, हा माणूस कलावंत नाही, एवढं लिहून द्या. मी फाइल बंद करते.”

साहेबांनी तसं लिहिलं नाही, मंजुरीची सही केली. ते आज व्यासपीठावरच बसलेत. टाळ्या त्यांनाही हव्यात!

त्याच पंचनाम्याचा नमुना धरून आणखी अडतीस जणांचे अर्ज मार्गी लागले. मदत फार मोठी नव्हती. पण मंजुरीचं पत्र वाचून अण्णांनी मला फोन केला. “हिरे, सरकारच्या कागदावर माझ्या नावापुढं ‘कलावंत’ लिवलंय. आता गाडीवर भाजी इकताना बी ताठ हुबा ऱ्हातो.”

ढोलकी त्यांनी विकली नाही.

ताई, आता रोजच तुमचा दिवस. आमच्या कार्यक्रमाला या आणि पहिल्या रांगेत बसा. मंडळी, तुम्ही मन लावून ऐकलंत, मी आभारी आहे. कुठे शब्द जास्त झाला असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर बाईचा सूर जरा चढला म्हणा आणि पोटात घाला. जय भीम!