परत यायला लागणारा वेळ

बायको गेल्यावर तिचा लॅपटॉप विकायला मी कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. माझ्यापुढे एक वयस्क नवरा-बायको गेमसाठी प्रोसेसर निवडत होते.

“आठ कोअरचा घ्या, काका. सहावाल्यापेक्षा किंमत दीडपट, पण गेम नुसता पळतो.”

“पळणारा नको. हिच्यासाठी सगळ्यात मंद दाखव. ही मला रोज मारते.”

“दोनदाच मारते. जेवणाआधी आणि जेवणानंतर.”

“काल तर मी हात वर केले होते!”

“हात वर करून माझ्या बंदुकीकडे सरकत होतात. चाळीस वर्षं ओळखते तुम्हाला.”

“मग काकू, तुम्हाला कुठला देऊ?”

“माझा चांगला चाललाय. यांना द्या. हे मेले की गेममध्ये परत यायला किती वेळ लागेल?”

“सहा कोअरवर नऊ सेकंद, आठवर चार.”

“आठचा बांधा.”

“अगं, पाच सेकंदांसाठी दीडपट पैसे?”

“ते पाच सेकंद तिथे एकटीने मला काढावे लागतात, तुम्हाला नाही.”

“आणि मी परत आलो की?”

“आलात की लगेच मारते.”

दुकानदार माझ्याकडे वळला.

“हा विकायचाय ना, काका?”

“नाही,” म्हटलं आणि लॅपटॉप परत पिशवीत घातला.