सूर्याचा फ्रॉक

डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारी एक बाप आणि त्याची लेक बसली होती. त्यांचं बोलणं जसं ऐकलं तसं देतो. पदरचं फार घातलेलं नाही.

“माझ्या ऑपरेशनला येशील ना?”

“नेमका तेव्हाच तो ठिपका परत यायचाय, बाबा.”

“कुठला ठिपका?”

“सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातला. फिरत फिरत मागे गेलाय. पुढे आला की एका फेरीला किती दिवस लागतात ते कळेल.”

“सूर्य फिरतो तसंच तेही फिरणार. त्यात मोजायचं काय?”

“लहानपणी मी गिरकी घ्यायचे, तेव्हा फ्रॉक माझ्याबरोबर फिरायचा की मागे राहायचा?”

“तू पडायचीस आणि मी उचलायचो. फ्रॉककडे कोण बघतंय?”

“मी वेधशाळेत सूर्याचं तेच बघते.”

“पण आलेला ठिपका तोच, हे कशावरून?”

“कधीकधी नाही कळत. जुना विरतो, तिथे नवा उगवतो.”

“मग पट्टी सोडल्यावर समोर दुसरीच कुणी दिसली, तर तिलाच मुलगी धरू का?”





“ऑपरेशनला किती वाजता येऊ?”

“गुरुवारी, सूर्य वर आल्यावर. कुठली बाजू पुढे करून येईल, ते मात्र मला विचारू नकोस.”