राणीची माहेरची बाजू

तुला सांगते, ट्यूडर राण्यांवरची कादंबरी आता मला सरळ मनानं वाचताच येत नाही. सासूबाई सध्या इकडे परदेशात, टूनगॅबीला आमच्याकडे आल्यात ना? वीकेंडला मी पुस्तक घेऊन बसले, तर विचारतात, "काय आहे गं त्यात?"

म्हटलं, "इंग्लंडच्या राजाची दुसरी राणी. भयंकर महत्त्वाकांक्षी बाई. राजाला नादी लावलं, पहिलीला घालवलं. शेवटी राजानंच तिचं डोकं उडवलं."

"ती अशी होती, हे कुणी सांगितलं?"

"दरबारातल्या लोकांनी लिहून ठेवलंय, आई."

"म्हणजे सासरच्यांनी. माहेरचं कुणी काही बोललं का?"

"तिच्या भावालाही मारलं."

"मग बरोबर आहे," भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "बायकोला मारल्यावर तिला वाईट म्हणावंच लागतं. नाहीतर आपला मुलगा वाईट ठरतो."

मी गारच! एवढी हुशार सासू मिळाली म्हणून नवऱ्यापाशी कौतुकसुद्धा केलं.

काल शिफ्टवरून लवकर घरी आले. सासूबाई आत नणंदेशी फोनवर बोलत होत्या. मी दारातच थांबले.

"तशी बरी आहे गं. पण जरा महत्त्वाकांक्षी आहे. आपला विजू पुरता नादी लागलाय तिच्या."

मी बूटही काढले नाहीत. तशीच मागे फिरले, गाडीत बसले आणि माझ्या आईला फोन लावला. म्हटलं, "माझ्याबद्दल चार चांगल्या ओळी आत्ताच लिहून ठेव. आणि दादाला म्हणावं, जपून राहा."