माझा बॅगपाइप अन् सर्जेरावच्या रीडा

नाय नाय नाय, टाळ्या नका वाजवू, हात जोडतो! मागच्या रविवारी ह्याच हॉलात वाजवल्या त्याच अजून पचल्या नायत मला. काकासाहेब, तुम्ही मंडळाचे अध्यक्ष, तुमचा मान आहे, पण तो हार टेबलावरच राहू द्या... अहो राहू द्या म्हणतो ना! आधी माझं ऐका, अन् मग माझ्या गळ्यात फुलांचा घालायचा का चपलांचा, ते सगळ्यांनी मिळून ठरवा. तुम्हाला सांगतो, साठी उलटली, तीस वर्षं पोलीस बँडात काढली, पण असं कधी झालं नव्हतं... लाज वाटती ओ!

मागच्या वेळी जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. मी कडुबा. अन् ते पहिल्या रांगेत कडेला बसलेत ते सर्जेराव. आम्ही दोघंही बँडात बॅगपाइप वाजवायचो. म्हणजे वाजवायचा तो, मी आपला तिसऱ्या रांगेत गाल फुगवायचो. पंधरा ऑगस्टला साहेब लोक म्हणायचे, 'वा, बँड काय वाजला आज!' तो बँड म्हणजे सर्जेराव, बाकीची आम्ही गर्दी! अन् त्याचा स्वतःचा बॅगपाइप म्हणाल तर स्कॉटलंडचा, काळ्याभोर लाकडाचा, त्याच्या उस्तादांनी शेवटच्या आजारात त्याच्या हातात दिलेला. उस्ताद म्हणायचे म्हणं, 'बेटा, इसको फूँकने का नै, इसको साँस देने का.' आता माझ्या नशिबात असा उस्ताद कुठला?

तर रिटायर झालो अन् मला हौस आली, आपलाही एक पाहिजे. शहागंजात एक लग्नाचा बँड बंद पडला होता. पडणारच ना! गारखेड्यात जिथं माझ्या मामाची मेंढरं बसायची तिथं सात-सात मजले उभे राहिले, पण त्यातल्या एकाच्या तरी वरातीला बँड आहे का? सगळ्यांना डीजे! तर त्या बँडवाल्याच्या पोत्यात हा निघाला. लाल चौकडीचं कापड उंदरानं खाल्लेलं, पिशवी रबराची, चिरलेली, लाकडावर पॉलिश म्हणावं तर गाडीला मारतात तो रंग. घरी आणून फुंकला, तर आमच्या गल्लीतलं म्हातारं कुत्रं उठलं अन् पलीकडच्या गल्लीत राहायला गेलं! ते तीन ड्रोन असतात ना... लग्नात डोक्यावर घिरट्या घालतो तो नव्हं ओ, खांद्यावर तीन नळ्या उभ्या असतात, एकच सूर धरून घुमत राहतात, त्या! सर्जेरावचे तीन ड्रोन घुमले की वाटतं एकाच गळ्यातून आवाज येतोय. माझे तिघं तीन दिशांना, सख्खे भाऊ वाटणीला बसल्यासारखे!

पण मी काय सोडतो? आम्ही मेंढरं राखणाऱ्या घरातले, कातडं आम्हाला कोण शिकवणार! बकऱ्याचं कातडं कमावलं, नवी पिशवी शिवली. शिवणीतून हवा गळू नाय म्हणून आतून मध लावतात, मी म्हणलं गुळानं काय घोडं मारलंय? ओतला पाक! चौथ्या दिवशी फुंकलं, तर सुराच्या आधी मुंग्या बाहेर! रांगेनं! माझ्या कॉलरमधून आत! मग पाक धुतला, अन् आता हवा कुठून गळती ते बघायला पिशवी पाण्यात बुडवावी लागती, बुडबुडे येतात तिथं भोक. अन् पाणी? सलग दुसरं वर्ष पाऊस नाय, नळाला आठ दिवसांनी पाणी, घरात भरलेलं एकच पिंप... बुडवली. सखूबाई, आमची बायको, दारातनं आली अन् अख्ख्या बिल्डिंगला ऐकू गेलं, 'अवं बघा ओ बघा! लोक थेंब थेंब जपायलेत अन् ह्या माणसानं पिण्याच्या पाण्यात बकरं बुडवलं!' आठ दिवस शेजाऱ्यांकडनं तांब्या तांब्या मागून पाणी प्यालो. प्रत्येक दारात तेच, 'काय कडुबा, बकरं बरंय ना?' लाज वाटती ओ!

पण काम सोडलं नाय. बोटं फिरतात त्या सुराच्या नळीची भोकं एकसारखी नव्हती, ती कानशीनं घासली, जास्त झाली तिथं मेण भरलं, सांध्यांना मेणाचा दोरा गुंडाळला. राहिल्या रीडा. रीड म्हणजे आतली पातळ जीभ, वारा लागला की थरथरती, सगळा आवाज तिचाच. त्या मी ओढ्याकाठच्या बोरूच्या कापल्या. आता दुष्काळातला बोरू तो, उभ्या उभ्या वाळलेला, काडीला हात लावला की तडकायचा. शेवटी चार जमल्या, तीन ड्रोनच्या, एक सुराच्या नळीची. अन् खरं सांगतो, आवाज बरा झाला होता. बरा! एवढ्यावर गप्प बसायचं ना माणसानं? नाय! इथंच चहा पिता पिता मी बोलून गेलो, 'माझ्यात अन् सर्जेरावच्यात फरक ओळखून दाखवा!' काकासाहेब लगेच, 'ठरलं! पडदा लावू, पडद्यामागं दोघं वाजवतील, ज्याचा आवडंल त्याच्यासाठी लोक हात वर करतील.'

झालं. रविवारी आम्ही दोघं पडद्यामागं, तुम्ही सगळे सतरंज्या टाकायलेत, अन् सर्जेरावचा फोन वाजला. त्याच्या गल्लीत टँकर आला होता! आता टँकर आल्यावर माणूस थांबतो का? म्हणला, 'कडू, माझ्या पेटीवर जरा नजर ठेव, आलोच.' अन् पळाला.

मी नजर ठेवली. नजर ठेवता ठेवता पेटी उघडली. म्हणलं नुसतं बघू. मग म्हणलं, त्याची एक रीड माझ्या ड्रोनला लावून तरी बघू... अन् माझ्या त्या पोत्यातल्या ड्रोननं असा सूर धरला, असा धरला... तुम्हाला सांगतो, तीस वर्षांत माझ्या हातून असा आवाज निघाला नव्हता! मग दुसरी लावली. तिसरी. चौथी. अन् बाहेर त्याची चाहूल लागली तशा माझ्या चारी त्याच्या पाइपात कोंबल्या अन् पेटी बंद. लाज वाटती ओ, काय सांगू!

पुढचं तुम्ही ऐकलंच. मी वाजवलं, तुम्ही डोलला. त्यानं वाजवलं, अन् मधेच ड्रोन रेकला, सुराची नळी चिरकली, त्यानं परत फुंकलं, परत चिरकली, अन् तो थांबला. सर्जेराव वाजवता वाजवता थांबला! तुम्ही माझ्यासाठी हात वर केले. मला वाटलं आता हा पेटी बघंल, मला धरंल. त्यानं काहून बघावं? तीस वर्षांच्या दोस्तावर कोण संशय घेतं? त्यानं माझे हात हातात घेतले, म्हणला, 'लई झकास केलंस कडू. माझाच वाजवायचा दम संपला.'

अन् तो घरी जाऊन गप्प बसला का? नाय! डॉक्टरकडं गेला. छातीचा फोटो काढला, नळीत फुंकून दाखवलं. डॉक्टर म्हणले, 'आजोबा, ह्या वयात एवढा दम? करता तरी काय?' म्हणजे दम आहे. मग ह्यानं काय ठरवावं, की कानच गेले! अन् गुरुवारी दुपारी ती पेटी घेऊन माझ्या दारात. म्हणला, 'हा आता तू ठेव. मला सूर कळंना झालाय. उस्तादांची चीज आहे, बहिऱ्याच्या घरी नको.'

अन् मी... मी घेतली ओ. घेतली! पेटी कपाटावर ठेवली, अन् वर त्याला म्हणलं, 'चहा घे.' तो गेल्यावर सखूबाईनं माझ्याकडं बघितलं. चाळीस वर्षांचा संसार, तिला काय सांगावं लागतं? म्हणली, 'काय केलंय?' सांगितलं. तिनं ना आरडाओरडा केला ना काय. कपाटावरची पेटी काढून माझ्या मांडीवर ठेवली अन् म्हणली, 'उठा.' एवढंच. पिशवी बुडवली तेव्हा अख्खी बिल्डिंग गोळा केली होती तिनं, अन् ह्याला नुसतं 'उठा'!

गेलो. सर्जेराव ओट्यावर बसला होता. पेटी अन् त्याच्या चार रीडा त्याच्या पुढं ठेवल्या अन् एका दमात सगळं सांगून टाकलं. तो रीडांकडं बघतोय, माझ्याकडं बघतोय, परत रीडांकडं. म्हणलं आता शिव्या येतील. तर म्हणला काय, 'म्हणजे... माझे कान गेले नायत?' म्हणलं, नाय. 'दम पण हाय?' म्हणलं, लेका, तुझं सगळं हाय, माझीच नियत गेली. अन् तो हसला ओ, लेकरासारखा हसला, डोळ्यांतनं पाणी! तिथल्या तिथं रीडा बसवल्या, पाइप खांद्यावर टाकला अन् वाजवला. टँकरच्या रांगेतल्या बाया कळशा खाली ठेवून उभ्या राहिल्या. माझ्या हातात त्याच रीडा पाहुण्यासारख्या वाजल्या होत्या, त्याच्या पाइपात घरी आल्या. मला फरक विचारता ना? हा फरक!

वाजवून झालं, पाइप नीट पेटीत ठेवला, पेटी बंद केली, अन् मग मला एक थोबाडीत दिली. अशी दिली की कानात तिन्ही ड्रोन एका सुरात! तुम्हाला सांगतो, त्या आठवड्यात पहिल्यांदा मला बरं वाटलं.

मग म्हणला, 'जा, तुझा घेऊन ये. तुझ्या रीडा लाव. वाजव.' वाजवला. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं त्यानं. म्हणला, 'वरचे सूर मेंढरावाणी. ड्रोन अजून भांडतेत. पण खालचे चार सूर खरे हायत. ते चार तू पोत्यातल्या लाकडातून काढलेस, गाढवा, ते मी तीस वर्षांत कधी केलं नाय. तेवढे घेऊन पडद्यामागं बसायचं होतंस ना!'

शिवी परवडली असती. ती थोबाडीत परवडली. हे नाय परवडत. लाज वाटती, खरंच लाज वाटती!

तर त्यानं शिक्षा एकच दिली. त्याच हॉलात, त्याच लोकांपुढं, पडदा न लावता, माझा पाइप माझ्याच रीडांवर वाजवायचा, पूर्ण. म्हणून उभा आहे. चार सूर खरे आहेत, बाकीच्यांची मी आधीच माफी मागतो... अहो, अहो पाहुणे, चपला काहून घालायलात? अजून नुसती पिशवी फुगवतोय मी!