बिघडवायची तर मीच बिघडवली असती

माझं माहेर भाट्याच्या पलीकडे सड्यावर, नुसता उघडा कातळ, पाण्याला अर्धा डोंगर उतरायचा, आणि आम्ही बहिणी बहिणी, त्यामुळे मला कोणी काय विचारलंन असं मला तरी आठवत नाही. नर्सिंगला घातलं तेव्हा विचारलं नाही, लग्न ठरवलं तेव्हा नाही, माहेरची मी बेबी, इकडे आले तर दारातच सांगितलंनी की आता तू सुजाता, बरं म्हटलं, सुजाता तर सुजाता. तेव्हा राग येत नव्हता असं नाही हां, येत होता, पण तो ठेवायचा कुठे हे कळत नव्हतं.

मग नोकरी लागली. उपकेंद्रात नर्सबाई. सगळा जन्म लसींचा डबा खांद्याला लावून दगडी पायऱ्यांच्या पाखाड्या चढले नि उतरले, एसटी चुकली की चालत, पायाला चिरे लागून लागून नखं गेली माझी, काय सांगू तुम्हाला. तेव्हाच मनात धरलेलं, रिटायर झाले की गाडी घेणार, नवी नको, जुनी चालेल, पण माझी. आणि घेतली. लाल. चालवायला शिकले त्या वयात. शिकवणारा पोरगा म्हणतो आजी, क्लच दाबा, मी म्हटलं आजी घरी, इथे बाई म्हणायचं.

आता आमच्याकडे खारं वारं, पत्रा किती टिकणार. दाराखाली रंग फुगला, बोटाने दाबला की पापुद्रा सुटायचा नि आत गंज. गॅरेजवाल्याकडे गेले, म्हटलं घरीच रंगवीन म्हणते, कसं करू. तो म्हणाला बाई, पहिल्यांदाच करताय, घरी नका करू, दमट हवेत रंग पांढरा पडतो, धूळ बसते, ओघळ येतात. तो बिचारा खरंच सांगत होता, त्याच्यावर माझा राग नाही. पण यांना हसू आलं. आमच्या यांचा जन्म मुंबईत छापखान्यात गेला, म्हणतात रंगातलं मला कळतं, तू आपली बस. कागदावरची शाई नि पत्र्यावरचा रंग एक झाला काय?

तुम्ही पण आल्यापासून तेच विचारताय, शिकाऊ माणसाने घरी गाडी रंगवावी की नाही. ऐका. मी आधी गाडीला हातच लावला नाही. परसात एक गंजलेलं पिंप होतं, त्याच्यावर शिकले. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचं, गंज पुरा निघेपर्यंत घासायचं, मग प्रायमर, मग रंग, पातळ पातळ. पहिल्यांदा सगळा ओघळला. मग धूळ बसली. मग एकदा असा बसला की पिंपात माझं तोंड दिसलं मला. म्हटलं आता दिवाळीनंतरची कोरडी हवा येऊ दे, मग एकेक दार घेते, घाई कोणाला आहे.

आणि दिवाळी झाली नि लेकीचं बाळंतपण आलं, मी गेले पनवेलला. तिकडून आले, रिक्षातून उतरले, तर दारासमोर खळ्यात गाडी निळी.

निळी. धाकटे दीर आमचे, मिलिंद भावजी, बंदरावर होड्या रंगवतात, त्यांनी नि यांनी मिळून होडीचा उरलेला रंग ब्रशने थापलानी. न घासता. गंजावरच. ब्रशाचे फराटे दिसतायत, काचेच्या रबराला रंग, वायपर चिकटलेला, टपावर पोफळीचा वाळका पतेरा तसाच रंगात बसलेला. आणि हे दोघे हसत उभे, शेजारीपाजारी बोलावून ठेवलेले माझं तोंड बघायला. भावजी म्हणतात वहिनी, होडी खाऱ्या पाण्यात टिकते, गाडीला काय धाड भरली, आणि निळा आपलाच की. निळा आपला, आपल्या झेंड्याचा, मान्य. घराला द्या, दाराला द्या, कोण नको म्हणतंय. पण माझी गाडी लाल होती, कागदावर पण लाल आहे, उद्या पोलिसाने अडवलंन तर काय होडी म्हणून सांगू?

पिशवी खाली ठेवली, नख लावलं, तर रंगाची अख्खी पट्टी हातात आली. मग मी जी सुटले. सगळी वाडी ऐकत होती, ऐकू दे. हे म्हणाले अगं, तू शिकाऊ, तुझ्या हातून बिघडली असती म्हणून आम्ही केली. मी म्हटलं बिघडवायची होती तर मीच बिघडवली असती, माझी होती ती, बिघडवायचा हक्क पण माझाच होता. जन्मात एक वस्तू अशी की जिथे मला कोणाला विचारायचं नव्हतं, तिथेही मला न विचारता हात घातलात. यांना ते कळलं की नाही माहीत नाही. त्या रात्री जेवले नाहीत. मी जेवले.

तेव्हापासून खरवडतेय. अर्ध्या गाडीचा निळा काढला, गंज काढला, हाताची सालं गेली. बाजारात जाते ती तशीच, अर्धी प्रायमरची करडी, अर्धी निळी, लोक बघतात, बघू दे. एक दार परत लाल झालंय, त्याला खाली ओघळ आहे, आहे तर आहे, माझा आहे. हे परवा लांब उभे राहून म्हणाले, पाणी आणून देऊ काय. चाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंनी. मी म्हटलं नको. आज सकाळी परत विचारलंनी. म्हटलं ठेवा बालदी तिथे, नि लांब व्हा.

चला, स्टँडवर सोडते तुम्हाला, एसटी जाईल. तिकडच्या दाराने बसा, इकडे प्रायमर ओला आहे. आणि वाटेत कोणी विचारलंन की ही गाडी अशी कोणी केलीन, तर सांगा, बाईंनी केलीनी, स्वतः.