दूध सांडलं नाही

(तुंगार्लीतला एका मुंबईकर शेठचा बंगला, मागे माळ्याची खोली. झुंबरबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेली. तिचा नवरा रखमाजी कमरेपर्यंत भिजून समोर उभा, हातात दुधाचं काठोकाठ भरलेलं पातेलं. त्याच्यामागे रतन मिस्त्री, तोही भिजलेला.)

रखमाजी : गाडी तळ्यात गेली.

झुंबरबाई : कुनाची?

रखमाजी : कुनाची न्हाई. च्या टाक.

झुंबरबाई : अवं, आत्ता तुमीच म्हनलात!

रखमाजी : मी कशाला म्हनंन? हे घे दूद. थेंब सांडला न्हाई.

झुंबरबाई : पानी गळतंय अंगावरनं, अन् दुदाचं कवतिक? शेठची गाडी कुटंय?

रखमाजी : रतनला इचार. मिस्त्री त्यो हाय.

रतन : मावशी, आधी बसा.

झुंबरबाई : बसलेलीच हाय, मेल्या.

रतन : मग उभ्या राहा. ऐकून बसालच. शेठच्या परदेशी गाडीची खोड तुम्हाला माहितीय. इंजिनाच्या धुरावर आत एक पंखा फिरतो, तो इंजिनात जादा हवा कोंबतो. टर्बो म्हणतात. पण पंख्याला वेग यायला वेळ लागतो. म्हणून पाय दाबला की आधी गाडी ढिम्म, आणि मग एकदम मागून रेडा धडकल्यागत!

झुंबरबाई : मला नको शिकवू. घाटात शेठच्या आईची कवळी उडाली, ती मागच्या शिटाखालनं मीच हुडकली. अन् गाडी हितं तुमच्या हवाली करून गेलेलं शेठ ट्रंककॉलवर काय म्हनलं? शनिवारी येतो. गाडीची ओढ सारखी पायजे, न्हाईतर खोली खाली करा.

रखमाजी : लय गोड आवाजात म्हनलं.

रतन : म्हणून तर दाब सोडणारी झडप जरा लवकर उघडायला लावली. पेट्रोल जुळवलं, टायमिंग जुळवलं. आता ओढ कशी, दही लागतं तशी. कधी आली कळतच नाही.

झुंबरबाई : मग?

रतन : मग तपासायला नको? आबांच्या मांडीवर पातेलं ठेवलं. दूध सांडलं तर काम कच्चं.

रखमाजी : साय हलली न्हाई गं! मी दुदाकडंच बघत व्हतो.

झुंबरबाई : अन् तू रं?

रतन : मीपण दुधाकडं.

झुंबरबाई : मग रस्त्याकडं कोन बघत व्हतं?

रतन : ते काम कुणाला दिलंच नव्हतं.

झुंबरबाई : आई गं!

रखमाजी : आमाला वाटलं, गाडी अजून उभीच हाय. मी म्हनलं, रतन, सोड की आता. वर बघतो तं काचंम्होरनं पानकोंबडी चाललेली. माझ्याकडं बघत.

झुंबरबाई : धक्का तरी बसंल का न्हाई मान्साला?

रतन : तोच बसला नाही ना, मावशी! पाण्यातसुद्धा एकसारखी गेली. इतकं चांगलं काम माझ्या हातनं पहिल्यांदाच झालं.

झुंबरबाई : मग काडा की भाईर!

रखमाजी : दत्तोबाची बैलं लावली व्हती. आता बैलं बी भाईर येईनात. ऊन लय हाय, त्यास्नी गार वाटतंय.

झुंबरबाई : परवा शनिवार हाय. माज्या तिन्ही पोरी ह्याच खोलीत झाल्या. आता जायाचं कुटं?

रखमाजी : च्या टाकतीस?

झुंबरबाई : न्हाई.

रतन : मावशी, अर्ज करू. कागद आहे माझ्याकडं, थोडा ओला आहे. आबा, काय लिहू?

रखमाजी : लिही. मेहेरबान तळ्याचे साहेब यांस. विनंती की, तुंगार्लीचं तळं शनिवारच्या आत शेठच्या गाडीपासून वीस हात मागं घ्यावं.

रतन : '…मागे घेण्याची कृपा व्हावी.' झालं. सही करा.

झुंबरबाई : थांब. खाली आजून लिही.

रतन : काय?

झुंबरबाई : म्हनावं, तळं जरा हळू सरकवा. काठाला आमचं बिऱ्हाड आसंल.