तिच्यासाठी विणलेला स्वेटर

परक्या देशात, बोटीच्या तिकिटांच्या रांगेत मराठी ऐकू आलं आणि मागे उभ्या असलेल्या एका मराठी नर्सबाईंनी कान टवकारले. पुढे आईवडील होते आणि त्यांना शहर दाखवायला निघालेला मुलगा.

"तिलाही आणायचंस की रे."

"कुणाला, आई?"

"सोंग पुरे. व्हिडिओ कॉलवर रोज तुझ्या मागे ओट्यापाशी उभी असते, तिला. अंदाजानं माप धरून स्वेटर विणलाय मी."

"अगं, मी एकटा राहतो!"

"आम्ही रागावलो नाही हं. काय हो?"

"छे! लाजाळू आहे पोरगी, एवढंच."

"बाबा, तुम्हीसुद्धा? शपथ घेऊन सांगतो, घरात कुणी नाही."

"मग सकाळी आपण तिघं बाहेर पडल्यावर आतून कडी कोणी लावली रे?"